वर गेलेलं खाली आलं पाहिजे

खोकं उघडलं तेव्हा आतलं यंत्र पाहून मिस्त्रींना आनंद वगैरे काही झाला नाही. चाळीस वर्षं लोकांची छपरं दुरुस्त करण्यात घालवलेल्या माणसाचा हलक्या हत्यारावर विश्वास नसतो. हातोडा उचलला की तो उचलल्याचं मनगटाला कळलं पाहिजे. आणि हे ड्रोन म्हणजे चार पाती, पोटाखाली वाटाण्याएवढा डोळा आणि वजन दोन कांद्यांइतकं. मिस्त्रींनी ते तळहातावर घेतलं, खालीवर करून पाहिलं आणि परत खोक्यात ठेवलं.

“हे जाणार छपरावर?”

“हे जाणार. आपण खाली उभे राहणार,” बारकी म्हणाली. “त्याच्यासाठीच तर आणलंय, काका.”

बारकी म्हणजे मिस्त्रींची पुतणी, धाकट्या भावाची एकुलती एक मुलगी. वय चोवीस, उंची काकांपेक्षा चार बोटं जास्त, तरी नाव बारकीच. घरात एकदा पडलेलं नाव माणसाच्या उंचीला भीक घालत नाही. बाप गेल्यावर दुसऱ्याच महिन्यात तिने कुरिअरच्या कचेरीतली नोकरी सोडली आणि काकांच्या दुकानात येऊन बसली. “बाबांच्या जागी मी,” एवढंच म्हणाली. मिस्त्रींनी नाही म्हणून पाहिलं, रागावून पाहिलं, चार दिवस अबोला धरून पाहिला. पाचव्या दिवशी ती झाडू घेऊन दुकान झाडत होती.

तिची आई मात्र आडवी आली. ती घरीच शिवणकाम करायची. दिवसभर तिचं मशीन चालू असायचं, आणि ते थांबलं की काहीतरी गंभीर आहे असं सगळ्यांनी समजायचं. त्या दिवशी तिने मशीन थांबवलं.

“दादा, छपरानं माझा एक माणूस नेला. हिचा पाय शिडीवर पडणार नाही, एवढं वचन द्या मला. मग न्या हिला.”

मिस्त्रींनी वचन दिलं. त्यानंतर त्यांना जगात एकाच गोष्टीची भीती उरली होती, ते वचन मोडण्याची.

ड्रोन त्यासाठीच होतं. छपराच्या प्रत्यक्ष दुरुस्तीची मिस्त्रींना तितकी धास्ती नव्हती. तिला भिंतीभोवती परांची बांधतात, लोखंडी नळ्यांचं भक्कम मचाण असतं, माणसं दोर लावून काम करतात. घात होतो तो त्याच्या आधी. कुठलं कौल फुटलंय, कुठली पन्हळ तुंबलीय हे नुसतं बघायला कोणी परांची बांधत नाही. मग कोणीतरी शिडी लावतो, दोन मिनिटांचं काम म्हणतो आणि तसाच चढतो. मिस्त्रींच्या माहितीतले जेवढे पडले, त्यातले निम्मे दोन मिनिटांच्या कामाला गेले होते. आता मिस्त्रींनी दुरुस्तीची कामं कारागिरांच्या एका टोळीकडे सोपवली होती आणि स्वतःकडे फक्त पाहणी ठेवली होती.

आता धाकटा कसा गेला ते सांगायला हवं. मिस्त्रींनी लोकांना जसं सांगितलं तसं नव्हे, जसं झालं तसं.

या घरात एक नियम होता, मिस्त्रींच्या वडिलांनी घातलेला. सकाळी वर जाणारं प्रत्येक हत्यार मोजायचं आणि संध्याकाळी शिडी काढण्याआधी पुन्हा मोजायचं. वर गेलेलं खाली आलं पाहिजे. विसरलेली छिन्नी वाऱ्याने घरंगळली तर कोणाच्या तरी डोक्यात पडेल, असा त्यामागे साधा विचार होता. नियम चांगलाच होता. पण बापाच्या तोंडचा नियम मुलांच्या तोंडी आला की त्यातला विचार गळून जातो आणि हुकूम तेवढा शिल्लक राहतो. या दोघा भावांचं तसंच झालं होतं.

अकरा महिन्यांपूर्वी एका गोदामाच्या छपराचं काम आटोपलं. पत्रा ओला होता. दोर सोडून, गुंडाळून मिस्त्रींनी स्वतः गाडीत टाकले होते. मग मोजणी केली तर एक पक्कड कमी भरली.

“राहू दे की, दादा. उद्या घेऊ,” धाकटा म्हणाला होता.

“आपल्याकडे राहत नाही,” मिस्त्री म्हणाले होते. “जा. दोन मिनिटांचं काम आहे.”

धाकटा गेला. पक्कड सापडली असं त्याने वरून ओरडून सांगितलंसुद्धा. मग पत्र्यावरून काहीतरी घसरत येण्याचा लांबलचक आवाज आला.

रुग्णालयाच्या बाकावर भावजयीने एकच विचारलं होतं. दोर न बांधता हे वर गेलेच कशाला? मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांची जीभ फिरली. “माझं लक्ष नव्हतं,” ते म्हणाले. “आपणच गेला तो.” खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. इथे तो गोटा बोलणाऱ्याला सोडून मेलेल्याच्या कपाळी बसला. दुसऱ्या दिवशी खरं सांगू, तेराव्या दिवशी सांगू, महिन्याने सांगू, असं करत अकरा महिने गेले होते.

आणि त्या खोट्याने घरात काय काय केलं ते मिस्त्री रोज पाहत होते. भावजय नवऱ्याचं नाव निघालं की ओठ आवळून घ्यायची. “आमचा विचार नाही केला त्यांनी,” एवढं बोलून मशीनचं चाक फिरवायची. धाकट्याचा फोटो तिने भिंतीवर लावलाच नव्हता, कपाटात कपड्यांखाली ठेवला होता. बारकीचं वेगळंच होतं. “बाबा निष्काळजी होते, मी नाही,” असं ती सहज, अगदी प्रेमानेही म्हणायची. मिस्त्रींना याचीच जास्त धास्ती वाटायची. पडतात ते निष्काळजी असतात असं ज्याला वाटतं, तो एक ना एक दिवस चढणार हे त्यांना ठाऊक होतं.

असो. तर यंत्र आलं.

बारकीने सोबतची पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मोठ्याने वाचून काढली, आणि मिस्त्रींनी ऐकली. सरकारी नोंदणी करून जो क्रमांक मिळाला तो तिने बारीक अक्षरांत लिहून यंत्राच्या पोटावर चिकटवला. दुकानदार म्हणाला होता, “अहो, लहान मुलंसुद्धा उडवतात, आजच सुरू करा.” मिस्त्रींनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुढचं वाक्य गिळून बसला. त्यांच्या वडिलांनी त्यांना पहिलं वर्षभर छपरावर पाऊलसुद्धा ठेवू दिलं नव्हतं, नुसता शिडीचा पाय धरून उभं केलं होतं. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही हे खरं असेल, पण छपरावरून पडून कोणी छपराचं काम शिकलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं.

तेव्हा उमेदवारी सुरू झाली. वस्तीच्या टोकाला फुटबॉलचं मैदान होतं. सकाळी खेळणारी मुलं यायच्या आधी दोघं तिथे जायची. पहिला आठवडा माणसाच्या उंचीपर्यंत नेऊन उतरवायचं, बस. दुसऱ्या आठवड्यात गोलच्या खांबाएवढं. तिसऱ्या आठवड्यात मैदानाला एक फेरी. उडवण्याआधी प्रत्येक पात्यावरून बोट फिरवून कुठे चीर गेलीय का पाहायचं. यंत्र मैदानाच्या मधोमध ठेवायचं आणि उपग्रहांशी त्याची गाठ पडेपर्यंत थांबायचं. जिथून उठलं ती जागा ते लक्षात ठेवतं, आणि बॅटरी संपत आली की आपणहून तिथे परत येतं. म्हणून ती जागा नीट नोंदवली गेली पाहिजे. गोलची जाळी वाऱ्याने हलायला लागली की गाशा गुंडाळायचा. माणसांवरून नाही, तारांजवळ नाही. मिस्त्री फोनच्या पडद्यावर बघून उडवणार, बारकी मान वर करून फक्त यंत्राकडे बघणार. बॅटरीचा तिसरा हिस्सा उरला की उतरवायचं, मग वर सोन्याची खाण दिसली तरी.

तिसऱ्याच दिवशी मात्र मिस्त्रींनी हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. यंत्र खाली येत होतं, व्यवस्थित, सावकाश. आणि छातीच्या उंचीला येताच मिस्त्रींनी ते खालून हाताने धरलं. छपरावरचा माणूस दोराने जे काही सोडतो ते खालच्याने हातात घ्यायचं, जमिनीला लागू द्यायचं नाही, ही त्यांची चाळीस वर्षांची सवय. पात्यांनी दोन बोटं कापली. तीन टाके पडले.

“काका, ते हातोडा नाहीये,” बारकी म्हणाली. “त्याला पाय आहेत. ते आपलं आपण उतरतं.”

भावजयीने संध्याकाळी ती बोटं पाहिली. “बिनधोक यंत्र ना हे? मग धोक्याचं कसं असतं, दादा?”

मिस्त्री हसले. अकरा महिन्यांत पहिल्यांदा हसले असतील. आणि आपण हसलो, तेही या घरात, याची त्यांना इतकी शरम वाटली की चहा अर्धा ठेवून ते उठले.

मुद्दा असा की सवय ही अंगात मुरलेली असते आणि ती कधी डोकं वर काढेल सांगता येत नाही. हाताची सवय मैदानात सापडली. पायांची एक होती, ती मैदानात सापडणं शक्य नव्हतं, कारण मैदानात भिंत नव्हती.

पहिलं खरं काम आलं ते वाचनालयाचं. जुनी इमारत, चढं कौलारू छप्पर, मधोमध एक बंद पडलेलं धुराडं. आत वाचनकक्षात गळत होतं. कपाटांच्या रांगांमधून बादल्या मांडल्या होत्या, इतिहासाला एक, कवितेला एक, आणि चरित्रांना तीन.

“चरित्रंच जास्त भिजतात आमच्याकडे,” ग्रंथपाल बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा मात्र हसरा नव्हता. तीस वर्षं जपलेली पुस्तकं फुगून दुप्पट झाली होती.

परवानगीचं पत्र आधीच झालं होतं. बाईंनी तासाभरासाठी वाचकांना बाहेर काढलं, फाटक लावलं आणि हाताची घडी घालून अंगणात उभ्या राहिल्या. वारा नव्हता, आभाळ स्वच्छ होतं, आसपास तारा नव्हत्या. बारकीने पात्यांवरून बोट फिरवलं. सगळं रीतीप्रमाणे चाललं होतं.

मिस्त्रींनी यंत्र नेऊन ठेवलं ते भिंतीच्या बुडाशी, छपराच्या पुढे आलेल्या वळचणीखाली. शिडी लावायची असती तर त्यांनी नेमकी तिथेच लावली असती. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. पाय आपोआप तिकडे गेले.

“काका, मधे ठेवू या का?” बारकी फोनकडे बघत म्हणाली. “उपग्रह कमी मिळतायत. आभाळ अर्धं झाकलंय इथे.”

“इथे आडोसा आहे. वर गेल्यावर मिळतील. बाई खोळंबल्यात.”

मैदानात हेच मिस्त्री पाच-पाच मिनिटं थांबायचे. पण गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की शिकलेलं आठवत नाही, इथेच घोडं पेंड खातं. यंत्र उठलं, वळचणीच्या कडेने सरळ वर गेलं आणि छपरावर आलं. फोनमधून यंत्राचा आवाज आला, “परतीची जागा नोंदवली.” दोघांनी ऐकलं, दोघांनी मान डोलावली. भिंतीच्या आडोशाला असताना आपण कुठे आहोत हे त्या यंत्राला कळलंच नव्हतं. ते कळलं मोकळ्या आभाळात आल्यावर, आणि त्या क्षणी ते छपराच्या सगळ्यात उंच कण्यावर, आढ्यावर तरंगत होतं. तीच त्याने आपली परतीची जागा धरली. हे त्या दोघांच्या लक्षात आलं ते नंतर.

तोवर मिस्त्री फोनच्या पडद्यात हरवून गेले होते. सगळं छप्पर पुस्तकाच्या पानासारखं समोर उघडलं होतं. धुराड्यामागे फुटलेली तीन कौलं. आढ्याजवळची मोठी चीर. पालापाचोळ्याने गच्च भरलेली पन्हळ, त्यात उगवलेलं हातभर रोप. चाळीस वर्षं त्यांनी छपरं पाहिली होती ती वर चढून, एका हाताने कशाला तरी धरून. आज पहिल्यांदा ते जमिनीवर दोन्ही पाय टेकून छप्पर बघत होते. हे एक वर्ष आधी घरात आलं असतं तर, असं त्यांच्या मनात आलं आणि पडदा क्षणभर धूसर झाला. त्यांनी बाहीने डोळे पुसले आणि फोटो काढत राहिले.

“काका, तिसरा हिस्सा उरला.”

“ती मागची पन्हळ तेवढी.”

“काका.”

“हो गं.”

मागची पन्हळ झाली. मग अजून एक कोपरा झाला. मग फोन ओरडायला लागला आणि यंत्राने त्यांच्या बोटांची वाट न बघता परतीचा रस्ता धरला. “येतंय,” मिस्त्री म्हणाले आणि अंगठे बाजूला घेतले. ते आपल्या पायाशी उतरेल असंच त्यांना वाटत होतं. यंत्र आढ्यावर आलं, तिथेच थांबलं आणि खाली उतरायला लागलं.

“काका, वर घ्या! वर!”

मिस्त्रींनी अंगठा दाबेपर्यंत उशीर झाला होता. यंत्र कौलांवर टेकलं, उतारावरून वीतभर घसरलं, एक पातं मोडून उडालं आणि ते धुराड्याच्या बुडाशी जाऊन अडकलं. त्याचा तांबडा दिवा लुकलुकत राहिला.

पुढचं काम मात्र मिस्त्रींनी बरोबर केलं. ते निसटून पडलं तर खाली कोणी असता कामा नये. त्यांनी गाडीतून दोर आणला, इमारतीच्या त्या बाजूला झाडापासून झाडापर्यंत बांधून टाकला आणि बाईंना तिकडचं दार बंद ठेवायला सांगितलं. यात पाच-सात मिनिटं गेली असतील. ते कोपरा वळून परत आले आणि जागच्या जागी थांबले.

बारकीने गाडीच्या टपावरची शिडी उतरवून भिंतीला लावली होती. ती शिडी मिस्त्रींना मोडीत काढवली नव्हती. नुसती असू दे टपावर, असं म्हणून अकरा महिने ते तिला घेऊन हिंडत होते. बारकीने कमरेला पट्टा बांधला होता, बापाचाच. तिचा उजवा पाय पहिल्या पायरीवर होता.

“उतर.”

“काका, पट्टा बांधलाय. एक दोर द्या फक्त. दोन मिनिटांचं काम आहे.”

मिस्त्रींनी शिडी धरली, सवयीने, पायाजवळ.

“राहू दे ते वर.”

“राहू दे?” ती त्यांच्याकडे बघत राहिली. “आपल्याकडे राहत नाही. वर गेलेलं खाली आलं पाहिजे. तुम्हीच सांगता ना? आणि आईला मी सांगणार नाही. बाबांनी दोर नव्हता बांधला, काका. मी तशी नाहीये.”

मिस्त्री ओरडू शकले असते. तिच्या आईला दिलेल्या वचनाचा धाक घालू शकले असते. ती उतरलीही असती. पण आज उतरली असती आणि उद्या दुसऱ्या कुठल्या छपराला, ते जवळ नसताना, हाच पट्टा बांधून चढली असती. तिला वर नेणारी गोष्ट एकच होती, आणि ती त्यांनीच तिच्या डोक्यात घातली होती. एवढं त्यांना त्या शिडीपाशी लख्ख कळलं. आता तोंड उघडण्याखेरीज गत्यंतर नव्हतं.

“तुझा बाबा आपणहून नव्हता गेला,” ते म्हणाले. “मी पाठवलं त्याला.”

बारकीने दोन्ही हातांनी शिडी धरली.

“मोजणीत एक पक्कड कमी होती. तो म्हणाला, उद्या घेऊ. मी म्हणालो, जा.”

“आणि दोर?”

“मी आधीच सोडून गाडीत टाकला होता. त्यानं मागितला नाही आणि मी दिला नाही. तो निष्काळजी नव्हता गं. त्याच्याइतका सांभाळून चालणारा माणूस मी छपरावर बघितला नाही. तो फक्त थोरल्या भावाचं ऐकणारा होता.”

फाटकाबाहेर कोणीतरी सायकल लावल्याचा आवाज आला. ग्रंथपाल बाई फाटकापाशी त्या माणसाला थांबायला सांगत होत्या. बारकीचा पाय अजून पायरीवरच होता. तिने मान वर करून त्या लुकलुकणाऱ्या दिव्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग पाय खाली घेतला. पट्ट्याचं बक्कल सोडवायला गेली तर ते सुटेना. मिस्त्री मदतीला पुढे झाले. ती एक पाऊल मागे सरकली.

“आईला माहितेय?”

“नाही.”

“चला मग.”

तिने एकटीनेच शिडी उतरवली, टपावर चढवली, बांधली. मिस्त्रींना तिने हात लावू दिला नाही. ते बाईंकडे गेले आणि सगळे फोटो फोनमध्ये आले आहेत, उद्या दुरुस्तीची यादी देतो, असं म्हणाले.

“आणि ते तुमचं यंत्र?”

“ते राहील वर. आठ दिवसांत परांची बांधतील, तेव्हा टोळीतला माणूस दोर लावून उतरवेल. तोवर त्या बाजूनं कोणाला जाऊ देऊ नका.”

गाडी बारकी चालवत होती. दोन्ही हातांनी चाक घट्ट धरून, समोर बघत. मिस्त्रींना एकदा वाटलं की तिला म्हणावं, मला आज एक दिवस दे, उद्या सांगतो. हेच वाक्य ते अकरा महिने स्वतःला सांगत आले होते, तेव्हा गप्प बसले.

घरी मशीन चालू होतं. भावजय कुणाचा तरी निळा सदरा उसवून बाह्या आखूड करत होती. दोघांना अवेळी दारात पाहून तिने आधी बारकीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, हात बघितले, पाय बघितले.

“पडलीबिडली नाहीस ना?”

“नाही. आई, मशीन थांबव.”

मशीन थांबलं. मिस्त्री बसले नाहीत. त्यांनी उंबऱ्यातच उभं राहून सांगितलं, मोजणीपासून सुरुवात करून. पत्रा ओला होता हे सांगितलं. दोर कोणी सोडला ते सांगितलं. धाकटा काय म्हणाला आणि आपण काय म्हणालो, ते शब्दाला शब्द सांगितलं. रुग्णालयाच्या बाकावर आपण खोटं बोललो, हेही सांगितलं. काही गाळलं नाही.

भावजय ऐकत होती. निळा सदरा तिच्या मांडीवर होता आणि हातशिलाईसाठी उचललेल्या सुईत दोरा तसाच ओवलेला होता.

“उद्या घेऊ म्हणाले होते हे?” तिने विचारलं.

“हो.”

“म्हणजे त्यांना जायचंच नव्हतं.”

“नव्हतं.”

तिने सुई काळजीपूर्वक सदऱ्यात टोचून ठेवली. मिस्त्री वाट बघत होते. ती ओरडेल, शाप देईल, चालते व्हा म्हणेल, आणि तेच बरोबर होईल, असं त्यांना वाटत होतं.

“अकरा महिने मी त्यांच्याशी भांडतेय, दादा,” ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. “रोज. अंथरुणावर पाठ टेकली की भांडते. तुम्हाला आमची आठवण कशी नाही झाली म्हणून. पोरीचा विचार कसा नाही केलात म्हणून. एक दिवस गेला नाही तसा. राग इतका होता की मी रडलेसुद्धा नाही त्यांच्यासाठी. एकदासुद्धा नाही.”

मग तिने मशीनवर डोकं ठेवलं आणि ती रडायला लागली. बारकी तिच्यापाशी खाली बसली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून राहिली. मिस्त्री दारात उभे होते. त्यांना कोणी बसा म्हणालं नाही आणि कोणी जा असंही म्हणालं नाही.